नियम नऊ आणि समोरच्या घरचा कूलर

इकडे ये. लांबून वाचू नकोस, जवळ बसल्यासारखी बस आणि हातातलं दुसरं काम खाली ठेव. परवा फोनवर तू मला हसलीस. "मावशी, तू आता लोकांची घरं पास-नापास करते म्हणे," असं म्हणालीस आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवून दिलास. असं करतात का? थट्टा करायची तर निदान उत्तर ऐकायला थांबावं माणसानं. आता सगळं लिहूनच काढते, म्हणजे तुला मध्येच ठेवता येणार नाही.

तर हो, करते मी पास-नापास. एकटी नाही, पाच जण आहोत. गांधीबागेच्या कापडबाजारातून आत वळलं की आमची वस्ती लागते, लाकडी चौकटींची, कोरीव खिडक्यांची. दोन-तीन वर्षांमागे ठरलं की या घरांची रस्त्याकडची बाजू कोणी मनाला येईल तशी बदलायची नाही. बदलायची तर अर्ज द्यायचा, नकाशा जोडायचा, आणि समितीनं पाहून हो की नाही सांगायचं. अध्यक्ष एक रिटायर झालेले इंजिनिअर आहेत. एक तरुण आर्किटेक्ट मुलगी आहे, पुण्याहून आलेली. दोन साहेब आहेत, ते चहा घेतात आणि मान हलवतात. आणि वस्तीतलं कोणीतरी हवं म्हणून मी. दुपारची मोकळी असते आणि गल्लीतलं सगळं मला माहीत असतं, एवढीच माझी लायकी.

शाळा माझी चौथीत सुटली, तुला माहीत आहे. पुढचं वाचायला मी पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पण नकाशा समोर आला तेव्हा पहिल्या दिवशी घामच फुटला. मग बघता बघता कळलं, हे तर ब्लाउजचं कटिंग आहे. एक कागद म्हणजे कापड जमिनीवर पसरून वरून पाहायचं, दुसरा म्हणजे अंगावर घातल्यावर समोरून कसं दिसेल ते. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? त्यानंतर एका मीटिंगमध्ये मी म्हटलं, "साहेब, या नकाशात डावी खिडकी उजवीपेक्षा चार बोटं खाली आहे," तर अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. खालीच होती.

मजेचे अर्ज येतात. एकाला छज्ज्याला स्टीलचं रेलिंग लावायचं होतं, मोरासकट. एकानं बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स समोरच्या भिंतीला लावायचं ठरवलं, मासे असलेल्या. मी त्याला म्हटलं, "अरे, पाहुणे पायातले काढून थेट आंघोळीलेच बसतील नं गा." तोही हसला आणि अर्ज परत घेऊन गेला.

पण सांगायचं आहे ते समोरच्या घराचं. माझ्या खिडकीसमोर राहते ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला काकू म्हणते. नवरा कापडाच्या दुकानात आहे. एकच मुलगी, ती लग्न होऊन शहराबाहेर मिहानकडे फ्लॅटमध्ये राहते. होळी झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ही कागद घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, हा फॉर्म भरून द्या मले. कूलर लावायचा आहे."

"काहून वं, कूलरले कोण फॉर्म भरते? सगळी गल्ली लावते."

"आमचं घर समितीच्या मदतीनं दुरुस्त झालं नं. फाईल आहे आमची. म्हटलं, विचारून लावावं."

मग खरं कारण निघालं. मुलीला दिवस गेले होते, पहिलंच, आणि तारीख नेमकी नवतपातली, मेच्या शेवटी नऊ दिवस आपल्या नागपूरला भट्टी लागते त्यातली. सासूबाई चांगल्या आहेत तिच्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं, थंड खोली असेल तर माहेरी पाठवतो, नाही तर आमच्याकडे एसी आहे. यात त्यांचं काय चुकलं? पण ही माझ्यासमोर बसून फॉर्मचा कोपरा दुमडत होती. "पहिलं बाळंतपण आहे काकू. मेथीचे लाडू इथं बसून करीन म्हटलं. तिथं मी पाहुणी नं." आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना पाठी आणि खांदे लावून उभी आहेत. हवा यायला समोरची खिडकी सोडून दुसरी जागाच नाही.

फॉर्म मी सुवाच्य अक्षरात भरला. मीटिंगला गेले. अर्ज वाचला गेला आणि समितीच्या कारकुनानं लगेच सांगितलं, नियम नऊप्रमाणे नामंजूर. नियम नऊ काय, तर फोटोत दिसतं त्याच्याशिवाय समोरच्या बाजूला काहीही बाहेर काढायचं नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराचा फोटो आहे आमच्याकडे. सगळे पाहिले मी. एकाही घराला कूलर नाही.

"असं कसं?" मी म्हटलं. "नागपूर आहे हे."

"फोटो जानेवारीतले आहेत, ताई," अध्यक्ष हळूच म्हणाले. "नियमही तेव्हाच केले आपण. आणि तुमची सही आहे खाली."

होती माझी सही. दिवाळी झाली की आम्ही कूलर काढतो, प्लास्टिक गुंडाळून छतावर टाकतो, आणि मग होळीपर्यंत जणू उन्हाळा नावाचं काही असतंच नाही. पुण्याची मुलगी सोडली तर चौघंही इथलेच, उन्हात पिकलेले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"साहेब, सही केली तेव्हा मी शाल पांघरून बसले होते," मी म्हटलं. दोन्ही साहेबांनी मान हलवली.

घरी येऊन तिला सांगणं फार जड गेलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती "बरं" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आतूनच म्हणाली, "बाकीच्यांनी तर लावून पण टाकले नं, काकू." विचारून लावते म्हणाली तिलाच आम्ही नाही म्हटलं होतं, आणि त्या नाहीवर माझीही सही होती.

रात्री समितीच्या नियमांची वही काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर सापडलं: एका जरी सदस्यानं मागितलं, तरी सगळ्यांनी जागेवर जाऊन पाहिलं पाहिजे. सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात उभी.

"किती वाजता ठेवू?" कारकुनानं विचारलं.

"दुपारी अडीच."

अध्यक्षांचा फोन आला. "ताई, सकाळी नऊ ठेवू नं. एप्रिल आहे."

"बाळंतीण काय फक्त नऊ वाजताच घरात राहणार आहे, साहेब?"

आले बिचारे. डोक्याला दुपट्टे बांधून, मला धरून पाच जणांची वरात गल्लीत शिरली. आणि इथं घोटाळा झाला. समिती येऊन राहिली ही बातमी आमच्याआधी पोचली होती. बिनपरवानगीचे कूलर आता पकडणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं. सगळ्यांनी कूलर बंद केले आणि वरून चादरी टाकल्या. फुलाफुलांच्या, वाघाच्या, एकावर तर लग्नातली जरीची शाल. प्रत्येक खिडकीखाली एक चौकोनी फुगवटा, आणि प्रत्येकाखालून टपटप पाणी गळतंय.

अध्यक्ष एका चादरीसमोर उभे राहिले. "हे काय आहे?"

वरच्या छज्ज्यातून एक म्हातारबा म्हणाले, "गादी वाळवून राहिलो, साहेब."

"पाणी गळतंय त्यातून."

"म्हणून तर वाळवून राहिलो."

आर्किटेक्ट मुलगी भिंतीकडे तोंड करून हसत होती. मी तर पदर तोंडात धरला.

समोरच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत पंखा होता, तो वरची गरम हवा खाली ढकलायचं काम करत होता. तिनं कैरीचं पन्हं दिलं. पाच मिनिटांत साहेबांचे सदरे पाठीला चिकटले. पण अध्यक्ष उगाच अडून बसणारे नाहीत, हे मी सांगते. ते उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "ताई, मला कळतं. पण या चौकटीत लोखंडी स्टँडचे स्क्रू ठोकले तर लाकूड चिरतं. रोज पाणी झिरपलं तर चार वर्षांत हे कोरीव काम भुसा होईल. मग कोणाला विचारायचं?" खरं होतं ते. तिलाही पटलं. तिनं मान खाली घातली, आणि मला वाटलं, गेलं आता.

तेवढ्यात आर्किटेक्ट मुलगी बाहेरून ओरडली, "आजी, या खिडकीच्या वर हे दोन आकडे कशाचे?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. गंजलेले, रंगाखाली दडलेले दोन लोखंडी आकडे. मी रोज पाहत होते आणि दिसत नव्हते. "अगं, वाळ्याच्या ताट्यांचे," मी म्हटलं. "लग्न होऊन आले तेव्हा कूलर कुठं होते? उन्हाळ्यात ताटी खिडकीबाहेर टांगायची, आणि दर तासाला तांब्यानं पाणी मारायचं. माझ्या वाट्याला दुपारची पाळी होती. पावसाळा आला की काढून ठेवायची."

तिनं पलीकडच्या घराला पाहिलं, मग त्याच्या पलीकडच्या. सगळ्यांना आकडे. तिनं अध्यक्षांना बोलावून दाखवलं. "सर, आपण फोटो जानेवारीचा काढला. उन्हाळ्यात ही घरं अशी नव्हतीच."

"पण ताटीला स्क्रू नसायचे," अध्यक्ष म्हणाले.

"स्क्रू नकाच मारू," मी म्हटलं. "स्टँडला चार पाय द्या, ओट्यावर उभा करा. चौकटीपासून हातभर लांब. पाणी नळीनं नालीत."

मग तिथल्या तिथं मोजामाप सुरू झालं. दोन स्टुलांवर धान्याचा रिकामा डबा आडवा ठेवला, तो कूलर. भाजीवाली आली आणि म्हणाली, "आधी माझा ठेला जाते का पाहा, मग तुमचा कायदा." डबा दोनदा मागं सरकवला. ठेला गेला. गल्लीच्या चादरी एकेक करून निघाल्या, आणि म्हातारबांनी वरून आपली गादी वाळल्याचं जाहीर केलं.

नियम नऊ आता असा आहे: कूलर चालेल, होळीपासून दिवाळीपर्यंत, स्वतःच्या पायांवर, लाकडाला न लागता. यावेळी मी घाम पुसत सही केली. परवानगीचं पत्र पहिल्यांदा तिलाच दिलं, शिक्क्यासकट. तिनं ते देवाजवळ ठेवलं आणि मग बाजारात जाऊन मेथी घेऊन आली.

मुलगी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली, सोबत जावई. जावयानं आधी कूलरसमोर उभं राहून पाहिलं, खोलीच्या चार कोपऱ्यांत हात धरून पाहिलं, आणि मग पिशव्या आत आणल्या. नवतपाच्या चौथ्या दिवशी मुलगी झाली. सासूबाई पाहायला आल्या त्या दुपारचं जेवण झाल्यावर तिथंच चटईवर झोपल्या, पाचपर्यंत उठल्या नाहीत. समोरची मला खिडकीतून खूण करून दाखवत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

पोर निमगोरी आहे, जावळ भरपूर, आणि कोणाच्याही मांडीवर राहते. सव्वा महिना झाला की मायलेकी मिहानला जातील. त्याच्या आत ये. मेथीचे लाडू संपत आलेत, तिनं तुझ्यासाठी चार बाजूला ठेवलेत, पण जास्त दिवस ती ठेवू शकणार नाही. या रविवारीच ये.