बुजलेली मेंढी

साखरा गावची कौशल्याबाई तोंडानं फटकळ, पण तिचं बोलणं बराबर असे. अठ्ठ्याण्णव साली वीज पडून तिच्या नवऱ्याची आणि धाकट्या दिराची मेंढरं एकाच दुपारी मेली. दीर हनुमान पोळ्यापर्यंत सावरला, नवी मेंढरं घेऊन रानात जाऊ लागला. नवरा मुंजाजी मात्र भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

"दादा कामचोर झाला," हनुमान म्हणाला.

कौशल्याबाईनं नवऱ्याला नांदेडच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "धक्का दोघांना एकच बसला. पण माणसामाणसाच्या मेंदूतल्या जोडण्या सारख्या नसतात. काहींच्या आधीच नाजूक असतात. यात त्यांचा दोष नाही." गोळ्या दिल्या.

घरी येताच ती दिरावर कडाडली, "बुजलेल्या मेंढीला तुमी काठी घालता व्हय? कळपाच्या मधी घेता ना? मंग सख्ख्या भावाला काहून टोचता?"

दुसऱ्या दिवसापासून पुढं हनुमान, मागं कौशल्याबाई आणि मधी मुंजाजी असे तिघं रानात जाऊ लागले. गोळ्याही चुकल्या नाहीत. हळूहळू मुंजाजी शीळ घालून मेंढरं वळवू लागला.

काही वर्षांनी हनुमानची बायको वारली, आणि त्यानंही अंथरूण धरलं. मुंजाजी काठी घेऊन त्याच्या दारात उभा राहिला.

"चल. आज पुढं मी हाव. तू मधी ये."