भाऊजींनी चाखलेला तळ

आमच्या भाऊजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि मुद्दाम शोधायला जावं असं त्यांच्यात काही नाहीसुद्धा. ताईचा नवरा म्हणून मी त्यांना अहोजाहो करते. ते नातं नसतं तर बाई, मी त्यांना दारातसुद्धा उभं केलं नसतं.

ते रंगाच्या एका मोठ्या दुकानात सल्लागार आहेत. म्हणजे काय, तर पांढराशुभ्र शर्ट घालायचा, खिशावर नावाची पट्टी लावायची, शेडकार्ड हातात धरायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "एक हात मारा, पुढची कित्येक वर्षं बघायला नको." स्वतः ब्रश कधी हातात धरलेला नाही. त्या शर्टावर रंगाचा एक थेंब पडलेला कुणी दाखवावा, मी त्याला ओवाळीन. दुकानातली पोरं त्यांना पाठीमागे 'एकहात साहेब' म्हणतात. मी घरात म्हणते, फक्त ताई ऐकत नाही ना एवढं बघून.

घासणं, खरवडणं, धुणं, वाळवणं ही सगळी हलक्या लोकांची कामं, असं त्यांचं पक्कं मत. शहाण्या माणसाने थेट वरचा हात मारावा. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही माहेरची माणसं त्यांच्याकडे जाणार होतो, तेव्हा बैठकीच्या ओल धरलेल्या भिंतीला यांनी तसाच गुलाबी ऑइलपेंट फासून घेतला. आम्ही चहा पितोय आणि आमच्या डोळ्यांदेखत भिंतीचा हातभर पापुद्रा सुटून आईच्या कपात पडला. हे म्हणतात कसे, "भिंतच जुनी आहे हो." मोडक्या खुर्चीचा पाय गोंद लावून उभा केला आणि तो वाळायच्या आत तिच्यावर कुणाला बसवलं, तर स्वतःच्या चुलत्यांना! म्हातारा महिनाभर कंबर धरून होता. तेव्हा म्हणाले, "काकांचं वजन वाढलंय." डोक्याला भरपूर तेल चोपडलेलं असताना केसांना कलप लावला, तो उशीला लागला, केसांना नाही. तेव्हा दोष उशीचा होता बहुतेक. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण कुणीतरी यांच्याच घरी मुक्काम करून काढली असावी.

आणि आमची ताई! "अगं, त्यांना कळतं त्यातलं," हे एक वाक्य तिने इतक्यांदा म्हटलंय की आता ती झोपेतही म्हणत असेल. कपातला पापुद्रा चमच्याने काढून आईला नवा चहा देतानाही तिने हेच म्हटलं होतं.

घर मात्र ताईच्या गाडीवर चालतं. मासळीची व्हॅन, आमच्या बाबांची. बाबा गेल्यावर ताई ती चालवायला लागली आणि मी तिच्याबरोबर. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची, क्रेटमध्ये बर्फ टाकून बाजारात आणायची आणि फाटकाजवळच्या आमच्या जागेवर गाडीचं मागचं दार उघडून विकायची. फाटकाजवळची जागा म्हणजे काय, ते बाजारात बसणाऱ्याला विचारा. गिऱ्हाईक आत शिरतं ते आधी आमच्याकडे बघतं. बाबांनी ती जागा मिळवायला उमेदीची सगळी वर्षं घातली होती, आणि ताईला त्या जागेवर मासळी कापताना बघितलं की मला बाबाच उभे आहेत असं वाटतं.

तर त्या गाडीचा तळ गळायला लागला. बर्फाचं पाणी पत्र्याच्या सांध्यांतून खाली ठिबकायचं आणि रस्त्यावर वास मारायचा. लोकांनी तक्रारी केल्या. बाजाराचा तपासणीवाला साहेब येऊन वाकून बघून गेला आणि ताईला म्हणाला, "बाई, पुढच्या सोमवारी परत येतो. तळ कोरडा दिसला पाहिजे. गळला तर फाटकाजवळची जागा खेकडेवालीला द्यावी लागेल, ती कधीची रांगेत आहे." खेकडेवाली पलीकडून ऐकत होती. तिने लगेच आपल्या टोपल्या पुसायला घेतल्या, मेली.

यात कठीण असं काही नव्हतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, गाडी सोडून जा, तळ खरवडून वॉटरप्रूफ लेप मारून देतो. ताईने चावी काढलीसुद्धा होती. तेवढ्यात भाऊजी दुकानातून आले. "म्हणजे? घरात रंगातला माणूस असताना गाडी बाहेर टाकायची? उद्या लोक माझ्या तोंडावर हसतील." लोक त्यांच्या पाठीमागे हसतातच, तोंडावर हसले तर बिघडलं कुठे? पण ताईने चावी परत पिशवीत ठेवली. मी तिच्याकडे बघितलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अगं, त्यांना कळतं त्यातलं."

आता मासळीच्या गाडीची एक गोष्ट असते आणि ती आम्हा मासळीवाल्यांशिवाय कुणाला ठाऊक नसते. तळ कितीही धुतला, डोळ्याला कितीही चकचकीत दिसला, तरी पत्र्याच्या सांध्यांत मीठ बसलेलं असतं. मिठावर लेप धरत नाही. मीठ खालून ओल ओढतं आणि लेपाला फुगे येतात. म्हणून बाबांची पद्धत अशी: गोड्या पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं, मग सांध्यावर चार थेंब गोडं पाणी टाकायचं, त्यात बोट बुडवायचं आणि जिभेवर ठेवायचं. खारट लागलं की पुन्हा धुवायचं. गोडं लागलं की मगच रंगाचा डबा उघडायचा. लहानपणी मी नाक मुरडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "डोळा फसतो गं, जीभ फसत नाही." मासळीच्या गाडीचा तळ चाखायला लाज कसली? त्या तळावरच आमची ताटं भरली.

ताईने भाऊजींना हे सगळं सांगितलं. ते असे हसले, जणू तिने गाडीची दृष्ट काढायला सांगितली होती. "जीभ? अगं, कुठल्या जमान्यात आहात तुम्ही? हा लेप पाण्याच्या टाक्यांना मारतात." ताई तरी म्हणाली, "तेवढं एक चाखाच, माझ्यासाठी." माझ्यासमोर एवढंच झालं, मग मी भाड्याच्या हातगाडीवर मासळी घेऊन बाजारात गेले. फाटकाजवळची जागा रिकामी दिसता कामा नये ना.

संध्याकाळी परतले तर तळ आरशासारखा चमकत होता. करडा, गुळगुळीत, कोपऱ्या-कोपऱ्यात भरलेला. भाऊजी शेजारच्यांना बोलावून बोलावून दाखवत होते. शर्ट अर्थातच पांढराशुभ्र, कारण रोलर ताईने फिरवला होता आणि हे खुर्चीवरून सूचना देत होते. ताईच्या कोपरापर्यंत करडा रंग लागला होता.

"चाखलंत?" मी विचारलं.

"चाखलं हो मेहुणीबाई. एकदम गोडं." आणि ओठांवरून जीभसुद्धा फिरवून दाखवली.

मी ताईकडे बघितलं. ती खाली बघत हात रॉकेलने पुसत होती. मला वाटलं दमली असेल.

सोमवारी तपासणीवाला आला. मधल्या दिवसांत आम्ही गाडी भरली होती, बर्फ टाकला होता, सगळं रीतसर. भाऊजींनी त्यासाठी रजा काढली होती आणि साहेबाला लेपाचे गुण ऐकवत फाटकापासूनच बरोबर चालत आले. ताईने क्रेट उचलले. खाली तळभर फुगे आले होते, पुऱ्यांसारखे टम्म. साहेबाने खिशातलं पेन काढून एका फुग्यावर टेकवलं. फुगा फुटला, तांबूस पाणी बाहेर आलं आणि सांध्यातून खाली रस्त्यावर ठिबकलं, थेट साहेबाच्या बुटाशेजारी.

"मालच खराब आलाय," भाऊजी म्हणाले. "कंपनीला कळवतो मी." स्वतःच्या दुकानातून स्वतः निवडून आणलेला माल!

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने ताईकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझ्या हातात नाही." तळ नीट झाला तर मागच्या भिंतीजवळ, गटाराच्या बाजूला जागा मिळेल, तीही पुढच्या तपासणीनंतर. ताईने फाटकाजवळचा बाबांचा लाकडी ठोकळा उचलला, ज्यावर ती मासळी कापते, आणि काखेत मारला. खेकडेवाली त्या जागेवर झाडू मारायला लागली. ताई रडली असती तर बरं झालं असतं. ती खेकडेवालीला म्हणाली, "तिथे कोपऱ्यात पाणी साचतं हं, लक्ष ठेव." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिच्या थोबाडीतही मारावीशी वाटली.

मग आम्ही दोघी बहिणी अंगणात गाडी लावून तो लेप खरवडायला बसलो. फुगे आलेले निघत होते, पण जिथे चिकटला होता तिथे असा चिकटला होता की हाताची सालं निघाली. भाऊजी सावलीत खुर्ची टाकून फोनवर कुणाला तरी लेपांची नवी जात समजावून सांगत होते. मी पत्रा खरवडता खरवडता म्हटलं, "याने चाखलं आणि याला गोडं लागलं? याच्या जिभेलाही कलप लावलाय का?"

ताई खरवडायची थांबली. हळू आवाजात म्हणाली, "चाखलं नाही त्यांनी."

"म्हणजे?"

"बुडवलं ते बोट वेगळं होतं. तोंडात घातलं ते वेगळं. मी बघत होते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पाण्यात पहिलं बोट आणि तोंडात मधलं! अहो, शाळेत पोरं असली लबाडी करतात, औषध टाळायला. केसांना कलप लावणारा बाप्या करतो?

"आणि तू गप्प बसलीस?"

"त्यांनी गोडं म्हटलं ना. मग मी कसं..." ती पुन्हा खरवडायला लागली. "ते आत गेल्यावर मी चाखलं. खारट होतं. चांगलंच खारट."

"मग?"

"मग काय. ते बाहेर आले, म्हणाले डबा उघड. मी उघडला."

माझ्या हातातून खरवडायची पत्ती खाली पडली. भाऊजींचा मला राग आला असं म्हणणार नाही. त्यांचा राग करायलाही माणसात काहीतरी असावं लागतं. पण ताईचा? तोंडात मिठाची चव घेऊन तिने बाबांच्या जागेवर रोलर फिरवला होता, कशासाठी, तर खुर्चीवरच्या त्या पांढऱ्या शर्टाचं मन मोडू नये म्हणून. मी म्हटलं, "ताई, एवढी वर्षं तू नवरा सांभाळलास की त्याच्यावर नुसता वरचा हात मारत बसलीस गं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कोपराने पुसलं आणि गालाला करडा डाग पडला.

तळ उघडा पडला तेव्हा आम्ही तो गोड्या पाण्याने धुतला, वाळवला, पुन्हा धुतला, पुन्हा वाळवला. ताईने सांध्यावर चार थेंब टाकले आणि हाक मारली, "अहो, इकडे या."

भाऊजी फोन ठेवून आले. गाडीच्या मागच्या दारात उभे राहिले. "झालं की आता. चकचकीत दिसतंय."

"चाखा," ताई म्हणाली.

ते वाकले. पहिलं बोट थेंबात बुडवलं, हात वर नेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर, हो, माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं मधलं बोट ओठांकडे निघालं. इतक्या सफाईने, की सवयीशिवाय ते जमत नाही. मला वाटलं, ताई पुन्हा खाली बघेल.

ताईने त्यांचं मनगट धरलं. मासळीवालीचा हात तो, एकदा धरला की सुटत नाही. मधलं बोट तिने मिटवलं, पहिलं सरळ केलं आणि त्यांच्या तोंडासमोर आणून धरलं. "हे," ती म्हणाली. "हे घाला."

"अगं, काय चाललंय तुझं? मेहुणीसमोर..."

"घाला."

त्यांनी घातलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. गिळावं की थुंकावं, कळेना.

"कसं लागतंय?" ताईने विचारलं. मनगट सोडलं नव्हतं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग आपल्या शर्टाकडे. मालाचा दोष काढायचा तर माल अजून आणलेलाच नव्हता.

"खारट आहे," ते म्हणाले.

"हो. खारट आहे," ताई म्हणाली. तिने त्यांचा हात सोडला. "बादली भरून आणा."

आणि भाऊजी गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. बाही दुमडत, पाय जपत जपत ते बादली घेऊन आले आणि ताईच्या पुढ्यात ठेवली. ताईने बादलीत वाकून बघितलं.

"अर्धी आहे," ती म्हणाली. "परत जा."