आतड्याचा निरोप

डॉ. सुलोचना मेश्राम यांची नि माझी ओळख झाली तेव्हा माझ्या दंडाला पट्टा आवळलेला होता. नवे शतक नुकतेच लागले होते. मी गोंदियाचा वार्ताहर, त्यांच्या संशोधनाची बातमी घ्यायला गेलो होतो. "निरोगी आहात?" त्यांनी विचारले. "आजवर तरी." "मग बसा." संस्कृतात एम.ए. झालेला माणूस शास्त्राच्या कामी आला तो असा.

तीच साखर शिरेतून दिली तर शरीर इन्सुलिन कमी सोडते, तोंडाने दिली तर जास्त. का? कारण मॅडमनी सांगितले नि मी थक्क झालो. अन्न उतरताच आतडे आपली संप्रेरके रक्तात सोडून स्वादुपिंडाला निरोप धाडते, 'साखर येत आहे, तयार राहा.' स्वादुपिंडातलेही एक संप्रेरक इन्सुलिनला पुढे रेटते, दुसरे लगाम खेचते. इतका मेळ मी कुठल्या यज्ञमंडपातही पाहिलेला नाही! "जगाला हे ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या, "पण आपल्या भात खाणाऱ्या माणसांत मला मोजायचंय."

धानाची रोवणी, म्हणजे लावणी, तोंडावर आली होती. ती लागली की तपासणीला निवडलेली चोरखमारा गावची धडधाकट माणसे चिखलात उतरणार, आणि तपासणीची महागडी रसायने तोवर टिकणार नव्हती. त्या सकाळी फागूजी आणि गावची मंडळी आली, उपाशीपोटीचे म्हणून पहिले रक्त काढून झाले. साखरेचा आकडा पाहून मॅडम थबकल्या.

"फागूजी, सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही जी. पेज पेऊन निंगालो."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तांदळाची पेज आमच्याकडे जेवणात धरतच नाहीत.

मॅडमचे सहायक कुजबुजले, "लिहून टाका उपाशी. कोणाले समजते?"

"यांच्या आतड्याला समजलं ना. त्याचा निरोप केव्हाच गेला." मॅडमनी नमुने ओतून दिले.

फागूजी उखडले. "आमचं रगत काऊन फेकता जी?"

"चूक माझी. खाऊन येऊ नका, एवढंच सांगितलं. पेजेचं बोललेच नाही. आता रसायनं बाद व्हायच्या आत तुम्ही रोवणीतून मोकळे व्हाल, असं दिसत नाही."

पण ऐन रोवणीत माणसांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मॅडमच्या दारात उभी राहिली. "पेज नाही पेलो, पानी भी नाही पेलो!" फागूजी गरजले.

"अहो, पाणी तरी प्या! आणि रोवणी?"

"धान एक दिस थांबते. तुमचं औषध थांबते का?"

पुढे आकडे आले, आतड्याचा निरोप त्यांत लख्ख उमटला होता. मॅडम मात्र त्या कागदाकडे नव्हे, ट्रॉली गेली त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

आज मॅडम पंच्याहत्तरीत पदार्पण करीत आहेत. सत्काराचे आमंत्रण दिल्यावर फागूजींनी विचारले, "पेज पेऊन येऊ का उपाशी?" मॅडमनी कळवले आहे, पिऊनच या. मॅडमचे आतडे त्यांच्या स्वादुपिंडाला असेच वेळेवर निरोप धाडत राहो, आणि ट्रॉलीभर माणसे त्यांच्या दारी पुष्कळ वर्षे येत राहोत.