फुंकर जाईल एवढी जाळी

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला ऑफिसात होते. मामा "गेली गो" एवढंच म्हणाला. मी आईला कळवलं, साहेबांकडे सुट्टी मागितली, पाण्याची बाटली भरून घेतली. रडू आलं ते नंतर, रोह्याच्या वाटेवर. पण त्याआधी, फोन ठेवता ठेवता, माझ्या मनात एक विचार येऊन गेला होता. आता मला कुणी काही विचारणार नाही, असा. त्याला सहा आठवडे झाले. मामीबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल.

शैलामामी माझ्या आईच्या धाकट्या भावाची बायको. माहेर गडबचं, भातशेतीचं घर. मामा कंपनीत शिफ्टला जायचा आणि मामी रोह्याच्या त्या दोन खोल्यांत, दारातल्या उजेडात, क्रोशाची सुई घेऊन बसलेली असायची. शाळेत असताना मेच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायचे. मी इंग्रजी शाळेतली. माझं मराठी धड्यातल्यासारखं यायचं, आळीतल्या मुली हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी करून टाकलं होतं. इतर नातेवाईक माझ्यासमोरच आईला विचारायचे, "ही बोलत का नाही?" मामीनं कधी विचारलं नाही. एका दुपारी तिनं माझ्या हातात सुई आणि दोऱ्याचा गुंडा दिला. म्हणाली, "तुला बोलायचं नाय ना? मग नको बोलू. साखळी घाल."

तोरणं, रुमाल, टीव्हीवरची झाकणं यांत तिला रस नव्हता. तिला नाद होता तो उन्हाळ्यात गळ्यात घालायच्या हलक्या स्कार्फचा. लोकरीला ती हात लावायची नाही. बारीक सुती दोरा, त्याला जरा जाड सुई, पाच साखळ्या आणि एक मुका खांब, म्हणजे आखूड टाका, पुन्हा पाच साखळ्या... अशी मोकळी जाळी वाढत जायची. नवे नमुने मी मोबाइलवर इंग्रजीत वाचायचे आणि तिला मराठीत समजावून सांगायचे. बहुतेक वेळा तीच मधे थांबवायची, "कळलं, पुढं काय हाय ते मला दिसलं." स्कार्फ पुरा झाला की ती तो ताणून तोंडासमोर धरायची आणि माझ्याकडे फुंकर मारायची. माझ्या कपाळावरचे केस हलले तर काम झालं. नाही हलले तर सगळं उसवायचं. दोन दिवसांचं काम ती चहा थंड व्हायच्या आत उसवून मोकळी व्हायची. मी हळहळले तर म्हणायची, "वारा लागला नाय तर ह्या गरमीत घालणार कोण? तुझा मामा?"

गेल्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिनं एक वेगळंच ठरवलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला डाळ-पन्ह्याबरोबर एक स्कार्फ द्यायचा. सगळे मिळून एकवीस. त्यातले सात मी विणले, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आणि येता-जाता एसटीत. शेजारच्या कमळाताई स्कार्फ हातात घेऊन म्हणाल्या, "शैले, लोक पंखे वाटतात, तू मफलर वाटतेस का गो?" मामी म्हणाली, "मफलर नाय, जाळी हाय. मासळी नाय गावणार, पण घाम गावंल." सगळ्या हसल्या. मामीनं एकेकीच्या गळ्यात आपल्या हातानं स्कार्फ घातला आणि कमळाताईंना तर तो घरी जाईपर्यंत काढू दिला नाही. त्या महिन्यात आळीतून जाताना पाहिलं तर भाजीला निघालेली, नळावर उभी असलेली, प्रत्येक बाई गळ्यात जाळी घालून होती. मला फार छान वाटलं होतं.

वैशाखात एका रविवारी मी नव्या स्कार्फांचे फोटो काढायला गेले. मामा पहिल्या शिफ्टला गेला होता. मामीच्या स्वतःच्या गळ्यात निळा स्कार्फ होता. फोटो काढताना मला दिसलं की त्याला जाळीच नव्हती. खांबाला खांब चिकटून, भिंतीसारखं विणलेलं. मी म्हटलं, "मामी, ह्यातून फुंकर जात नसेल." मग तिनं दार लोटलं आणि स्कार्फ सोडला. गळ्याच्या उजव्या बाजूला, कातडीखाली, फणसाच्या आठळीएवढी गाठ होती. "हात लावून बघ. दुखत नाय," ती म्हणाली. मी हात लावला. गाठ टणक होती, जागची हलत नव्हती.

"कधीपासून आहे?"

"शिमग्याच्या आधीपासून."

मला आळीतल्या त्या एकवीस बायका आठवल्या. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. म्हणाली, "सगळ्यांच्याच गळ्यात काय ना काय असलं, की माझ्याकडं कोण बघतो?"

मी डॉक्टरांचं नाव काढलं. त्यावर ती इतक्या शांतपणे बोलली की मला वाद घालता आला नाही. तिच्या आईच्या मानेला अशीच गाठ होती. तपासायला सुई टोचली आणि गाठ चिडली, पसरली, तीन महिन्यांत सगळं संपलं. मामीच्या लेखी आईला सुईनं मारलं होतं. "मी नाय टोचून घेणार. पावसाळा जाऊ दे, मग मीच सांगीन मामाला. तोवर तू बोलायचं नाय." आणि मग जरा हसून, "तू बोलत नायस, म्हणून तर तुला दाखवली."

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी मोबाइलवर सगळं वाचून काढलं. सुईनं गाठ पसरत नाही, उशिरानं पसरते, हे साध्या सोप्या इंग्रजीत लिहिलेलं होतं. तिला मी शेकडो नमुने मराठीत सांगितले होते. हे एक पान सांगितलं नाही. पुढच्या भेटीत सांगू, असं दर भेटीत ठरवत गेले. पावसाळ्यात दर भेटीला तिच्या गळ्यातला स्कार्फ आधीपेक्षा रुंद असायचा, वीण आधीपेक्षा घट्ट. गणपतीत तिचा आवाज बसला. मामा म्हणाला, "सारखी पाण्यात हात घालते, बसणारच घसा." मी ताटं पुसत होते. मामीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिला माझी खात्री होती.

दिवाळीनंतर घास उतरेना, तेव्हा मामानं तिला मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणायला हवं होतं. मामा बाहेर येऊन बाकावर बसला आणि आईला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "ताई, माझ्यासमोर जेवायला बसायची. मला कसं नाय दिसलं?" मी शेजारी बसून फाईलमधले कागद तारखेप्रमाणे लावत होते. शेवटी शेवटी तिच्या गळ्याला काही सोसत नव्हतं. मी सर्वांत मऊ दोऱ्याची, सर्वांत मोकळी जाळी विणून नेली, तीही तिनं हातानं बाजूला केली. गळा उघडा, त्यावर किरणोपचारासाठी काढलेल्या शाईच्या रेघा. एकदा मामा औषध आणायला खाली गेला, तेव्हा मी वाकून म्हटलं, "मामी, मी सांगू का त्याला?" आवाज तर गेलाच होता. तिनं बोट उचललं, ते ओठांपर्यंत नेलं आणि तिथेच धरून ठेवलं... मामा परत येईपर्यंत.

तेराव्यानंतरही मामा प्रत्येक येणाऱ्याला तोच प्रश्न विचारायचा. जेवताना तिच्या रिकाम्या जागेकडे बघायचा आणि ताट सरकवायचा. लोक त्याची समजूत काढायचे, पुरुषांच्या ध्यानात येत नाही असलं काही, म्हणायचे. गेल्या पंधरवड्यात मी एकटी रोह्याला गेले. तो तिच्या कपाटातला दोरा पिशवीत भरत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मामा, मला माहीत होतं. वैशाखापासून. तिनं सांगू नकोस म्हटलं होतं."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडावं असंच मला वाटत होतं. त्यानं हातातला गुंडा पिशवीत टाकला.

"तिनं दाखवली तुला?"

"हो."

"आपणहून?"

"हो."

"मला नाय दाखवली," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा, "मला नाय दाखवली." मग पिशवी तशीच ठेवून बाहेर जाऊन बसला. मी निघताना त्यानं वर पाहिलं नाही. मला त्याच्यावरचं ओझं कमी करायचं होतं. मी ते बदलून दिलं. तेव्हापासून त्याचा फोन नाही. हे छापून आलं तर तो वाचेल की नाही, मला ठाऊक नाही.

त्याच दिवशी परतीच्या एसटीत नागोठण्याला एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीची, पायांशी वालाच्या शेंगांची पिशवी, आणि एवढ्या उन्हात गळ्याभोवती ओढणी करकचून बांधलेली. अनोळखी माणसाशी मी आपणहून कधी बोलत नाही. वडखळ जवळ येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

"मावशी, गळ्याला काही झालंय का?"

"का गो? डॉक्टरीण हायस का?"

"नाही."

"मग?"

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिनं ओढणीची गाठ सोडली. "घामोळं हाय. बघ."

मी बघितलं. लाल पुरळ, काळ्या मण्यांचा वळ. "दुसरी बाजू," मी म्हटलं. ती हसायला लागली, पुढच्या सीटवरच्या बाईला म्हणाली, "बघ गो, ही मला तपासते," आणि तरी तिनं मान वळवली. मी वाकून, सावकाश, कानापासून खांद्यापर्यंत बघितलं. काही नव्हतं.

"झालं?" तिनं विचारलं. "बांधू आता?"