गालिच्याखालची जाळी

माझी बायको ओरिसिया ही पत्रेवाल्याची पोर. आमच्या डॉफिन गावातल्या निम्म्या तळघरांत तिच्या हातचे, घरभर हवा फिरवणारे पत्र्याचे डक्ट आहेत, उरलेल्या निम्म्यांत तिच्या बापाच्या हातचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आई पारास्का एवढंच म्हणाली, "चर्चमध्ये येताना नखं साफ करून ये म्हणावं." त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण आईनं तिला कधी सून म्हटलं नाही. 'ती पत्रेवाली' म्हणायची. मी चिडायचो. ओरिसिया म्हणायची, "खोटं कुठे बोलतात त्या?"

फर्नेस, म्हणजे घर तापवायची गॅसची भट्टी, बसवायची म्हटलं की लोक विचारतात, गरम हवा कुठून येणार? ही विचारते, गार झालेली हवा परत कुठून जाणार? "भट्टीला आधी घास द्या, मग कामाला जुंपा," हे तिचं पालुपद. परतीच्या डक्टसाठी ती लोकांची कपाटं अर्धी करते, जिन्याखालच्या लोणच्याच्या बरण्या हलवायला लावते. तेव्हा शिव्या खाते आणि थंडी पडली की त्याच घरांतून केक येतात.

फक्त आईच्या घरात तिला हात लावायची सोय नव्हती. आणि गावातलं सगळ्यात गारठलेलं घर तेच. आई अंगात कोट घालून झोपायची. ट्रॅक्टर विकून गब्बर झालेला माझा थोरला भाऊ तारास विनिपेग शहरात असतो. त्यानं गेल्या वर्षी दुकानातली सगळ्यात मोठी फर्नेस आणून बसवून घेतली. घर आणखी गार झालं. शेवटी त्यानं फोनवर फर्मान काढलं, की आपल्या जुन्या पंचांगाच्या, जानेवारीतल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला येतो, येताना बॅग आणतो, आईला शहरातल्या वृद्धाश्रमात नेतो.

आई फोन ठेवून खिडकीशी बसून राहिली. ती या घरात नवरी म्हणून आली होती आणि तिला इथूनच वर जायचं होतं. "बर्फ वितळेपर्यंत तरी थांब म्हणावं त्याला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओरिसिया न विचारता पेटी घेऊन आईच्या तळघरात उतरली. फर्नेस पेटायची, जरा धापा टाकायची, आपोआप विझायची. पुन्हा तेच.

"उपाशी आहे ही," ओरिसिया वर येऊन म्हणाली. "हवा मिळत नाही म्हणून आतल्या आत तापते, आणि जळू नये म्हणून बंद पडते. तारासनं मोठी आणली. भूकही मोठी झाली." मग तिनं दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पाय आपटला. खाली लोखंड वाजलं.

"त्याला हात लावू नकोस," आई म्हणाली. "खाली जाळी आहे. तिथून गार वारा येतो, म्हणून तर झाकलीय."

आमच्या गावाची ही सगळ्यात जुनी चूक. जाळीपाशी पायाला गार लागतं, म्हणून प्रत्येक घरात कोणीतरी तिच्यावर काहीतरी अंथरतंच.

"येत नाही, आई, जातो. घरातला गारठा तिथून खाली उतरतो, तापून वर येतो. तुम्ही त्याला कोंडून घातलंय."

"माझ्या सासूचा गालिचा आहे तो. तिकडच्या, आपल्या मूळ देशातून आणलेला."

"मग पायाखाली कशाला? भिंतीवर लावते."

आईनं गालिच्याचं एक टोक स्वतःच उचललं. आमच्या घरात हे नवलच होतं.

आईच्या खोलीचं दार रात्री बंद, म्हणजे तिथली हवाही अडकलेली. ओरिसियानं भिंतीत जमिनीलगत दुसऱ्या जाळीची जागा आखली. वर देवांच्या तसबिरी होत्या, त्यांच्यावर भरतकामाचा टॉवेल.

"देवाच्या भिंतीला भोक?"

"देवाच्या पायाशी, आई. त्यांनाही ऊब लागेल."

मला तो खटाटोप बघवेना. म्हटलं, "अगं, तळघरात हवाच हवा आहे. फर्नेसशेजारीच डक्टला भोक पाड की."

"मिरोन, तिथून ओढली तर पाणी तापवायच्या बंबाचा विषारी धूर चिमणीतून जायच्याऐवजी उलटा घरात शिरेल. मग आईंना कुठेच न्यायला नको."

मी पत्रा धरला. तिनं खाली परतीचा डक्ट रुंद केला, सांधे बंद केले आणि आईच्या हातात पातळ कागदाचा तुकडा दिला. "जाळीपाशी धरा." कागद जाळीला चिकटला. आईनं ओढून काढला, पुन्हा धरला, पुन्हा चिकटला. दुपारभर ती येता-जाता तेच करत होती. फर्नेस मात्र खाली एकसारखी घुमत राहिली.

तारास आला तो कोटात गुरफटून. टेबलक्लॉथखाली सणाच्या रिवाजाप्रमाणे गवत पसरलेलं होतं, मधात शिजवलेले गहू मांडले होते, दिवसभराचा उपास सोडायला पहिली चांदणी दिसायची वाट बघत होतो. आई अर्ध्या बाह्यांच्या भरतकामाच्या ब्लाउजमध्ये बसली होती. तारासनं आधी टोपी काढली, मग कोट, मग स्वेटर. कपाळ पुसत त्यानं भिंतीवरच्या गालिच्याकडे पाहिलं आणि हातातली रिकामी बॅग जमिनीवरच्या जाळीवर ठेवली.

"उचल ती," आई म्हणाली.

"का गं?"

"माझ्या सुनेची जाळी आहे ती. तिच्यावर काही ठेवायचं नाही."

ओरिसियाच्या हातातला पळा तसाच राहिला. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

"मग बॅग ठेवू कुठे?" तारासनं विचारलं.

"गाडीत," आई म्हणाली. "आणि येताना चांदणी उगवली का बघ, माझी सून दिवसभर उपाशी आहे."