पाहुणे वाळवायची खोली

काचेच्या बंद खोलीत एप्रिलच्या दुपारी माणूस साधारण वीस मिनिटे सभ्य राहू शकतो. हा शोध साताऱ्यात आमच्या घरी लागला आणि तो लावण्यात माझा वाटा निम्मा आहे. उरलेला निम्मा वडिलांचा, म्हणजे आबांचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऑफिसच्या सहलीत मी पाचगणीला गेलो आणि तिथे एका जुन्या बंगल्यात साहेबाच्या काळातली काचेची खोली पाहिली. भिंती काचेच्या, छतही काचेचे! राखणदार म्हणाला, "ह्यात साहेब बसायचा. आन पल्याड ती जाड भिंतीची, मोठ्या खिडक्यांची खोली हाय न्हवं, तितं त्याची संत्र्याची झाडं बसायची." मी घरी आलो तो साहेब होऊनच. घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत काचेची खोली बांधायची, असे मी जेवताना जाहीर केले.

चूक एवढीच झाली, की झाडांच्या खोलीचीही हकिकत मी सांगून टाकली.

आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नागपूरहून येताना त्यांनी संत्र्याचे एक रोप पत्र्याच्या डब्यात घालून आणले होते. त्याला सहा वर्षांत एकही संत्रे लागले नव्हते, तरी आबा त्याच्याकडे रोज सकाळी सलामी घेतल्यासारखे बघत.

"खोली बांधायची तर झाडाची," आबा म्हणाले. "इटांची भिंत, वर स्लॅब. काचंत बसायला आपण काय बरणीतलं लोणचं हाय व्हय रं?"

"आबा, संत्र्याला थंडी वाजते म्हणून साहेब घर बांधायचा. साताऱ्याच्या उन्हात कसली थंडी?"

"तुला काय ठावं? तू कवा संत्रं व्हतास?"

दीड महिना वाद चालला. शेवटी कंटाळलेल्या महादू गवंड्याने तोड काढली. कमरेपर्यंत आबांची भिंत, त्यावर माझी काच आणि छतही माझेच. राहता राहिल्या खिडक्या. आबांना सागवानी हव्या होत्या, मला लोखंडी. दोघेही हटेनात. एक दिवस महादूने सरळ सगळीकडे पक्क्या काचा बसवल्या आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. खिडकीच्या वादात खिडकीच राहून गेली!

छत काचेचे, त्यामुळे पंखा टांगायला जागा नाही. वाऱ्याला यायला फक्त दार. पण खोली दिसायला अशी झकास, की आम्ही बापलेक रस्त्यापलीकडे उभे राहून ती बघत असू. आत बसत कोणीच नव्हते, ही गोष्ट आमच्या लक्षात आली नाही.

त्यातच माझ्या बहिणीला, मंदाला, सांगलीकडचे स्थळ आले. मुलगा शेतकी पदवीधर, घरची द्राक्षबाग. मंदाने त्याला एका लग्नात पाहिले होते आणि तो तिच्या मनात भरला होता. हे तिने फक्त आईला सांगितले होते, म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक होते. "दादा, बैठक अंगणात चिंचेखाली ठेव हां," ती मला चारदा म्हणाली. पण नवी खोली असताना पाहुणे झाडाखाली? आयुष्यात प्रथमच आबांचे आणि माझे एकमत झाले.

पाहुणे अकराला यायचे, ते एसटीच्या कृपेने दीडला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मी त्यांना खोलीत बसवले आणि धूळ येऊ नये म्हणून दार लावून घेतले.

"वा! लय उजेड हाय," मुलाचे वडील म्हणाले.

पाच मिनिटांत त्यांची टोपी भिजली. मुलाचा शर्ट पाठीला चिकटला. मध्ये ठेवलेल्या कंदी पेढ्यांनी आकार सोडला.

"गरम तर होत नाही ना?" मी विचारले.

"छ्या छ्या! लय ग्वाड हवा हाय," मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले. पाहुण्याने तक्रार करायची नाही आणि यजमानाने चूक कबूल करायची नाही, ही आपली थोर परंपरा. आबांनी तर आणखी गरम पोहे मागवले! आबांनी कोपऱ्यात आणून ठेवलेल्या संत्र्याच्या रोपाने मान टाकली होती. मुलाचे वडील त्याच्याकडे बघून हळूच म्हणाले, "ह्या झाडाला कशाची शिक्षा दिलीया?"

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन मंदा आली. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिले आणि ट्रे खाली ठेवला.

"आवं काका, उठा. काकू, चला. अंगणात चिंचेखाली खाट टाकलीया, ताक काढलंय. दादा आन आबा बसतील हितं, त्यांचीच खोली हाय ही."

दाखवायची मुलगी मान खाली घालून बसते. ही पाहुण्यांना उठवून घेऊन गेली, जाताना संत्र्याचा डबाही कडेवर घेऊन गेली! आबांचा चेहरा पडला. मी म्हटले, मोडले स्थळ, आणि मोडले ते माझ्या हौसेपायी.

तरी आम्ही दोघे उठलो नाही. मानाचा प्रश्न होता. काचेतून अंगणाच्या कडेची चिंच दिसत होती, ऐकू मात्र काहीच येत नव्हते. मुलाच्या आईने मंदाचा हात धरलेला दिसला.

"झापती हाय का रं?" आबांनी विचारले.

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

मग दार उघडले. मुलाचे वडील उंबऱ्यावरच थांबले. आत पाऊल टाकायची त्यांची छाती झाली नाही.

"सुभेदार, आमी द्राक्षं बी सावलीत वाळिवतो. तुमी पाव्हणं उन्हात वाळिवताय!" ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय. खोली न्हाई."

मंदा सांगलीकडे सुखात नांदते. त्या खोलीत आता आळीभरचे पापड, कुरडया आणि सांडगे वाळतात. संत्र्याचे झाड चिंचेच्या कडेला अंगणात लावले, त्याला फळे धरली. पूर्वी 'माझी खोली' म्हणून भांडणारे आम्ही बापलेक नंतर कायम 'तुझी खोली' म्हणून भांडत राहिलो.

मी बहिणीकडे गेलो, की तिचे सासरे मला मुद्दाम बेदाण्याच्या शेडमध्ये नेऊन बसवतात. "बसा पाव्हणं, हितं वारं खेळतं." चारी बाजू मोकळ्या, गार सावली, वरून मंदाने दिलेले ताक. मी तृप्त होऊन चौफेर नजर फिरवतो आणि खरे सांगतो, दर वेळी मनात एकच विचार येतो. ह्या शेडला चारी बाजूंनी काचा बसवल्या तर काय शोभेल!