सतराव्या महिन्यातला व्हिडिओ

सतरावा महिना लागला तरी माझी मुलगी चालत नव्हती. रांगायची मात्र अशी की डोळा चुकवून थेट दारात! डॉक्टर म्हणाले होते, अठरा महिन्यांपर्यंत वाट बघू, नाहीतर तपासण्या करू. त्या 'नाहीतर'ने माझी झोप उडवली होती.

त्यात आमचा फॅमिली ग्रुप. लालबागला चाळीत राहणाऱ्या सासूबाई, त्यांच्याजवळ राहणारे मोठे दीर आणि जाऊबाई, गावचे काका-काकू, सगळे त्यावर. पोरीने टाळ्या वाजवल्या, पाठव व्हिडिओ. हिंदमाताला फ्रॉक घ्यायला गेलो, पाठव फोटो. आणि प्रत्येकाखाली जाऊबाईंचं ठरलेलं, "चालते का गं? आमचा तर दहाव्या महिन्यात धावायचा." धावायचा म्हणे! बाईंना एकदा तोंडावर सुनवावं असं फार वाटायचं.

एका शुक्रवारी परळच्या बागेत नवऱ्याने बाजूने वाकून तिला काखेत धरलं आणि चालवलं. मी फोन मुद्दाम खाली धरला. नवे बूट, गवत आणि चार पावलं, एवढंच दिसलं. त्याचे हात काही आले नाहीत.

"हे कशाला पाठवतेस?" नवरा म्हणाला.

"गप रे. दोन दिवस तरी तोंडं बंद राहतील." मी खाली लिहिलं, 'चालायला लागले बाबा एकदाची!' आणि दिलं पाठवून.

रविवारी सकाळीच सासूबाईंचा फोन. "जेवूक येवा गो. पापलेट आणलंय." आवाजात नुसता आनंद. आम्ही गेलो. आता कोणी 'चालवून दाखव' म्हणालं तर काय सांगायचं, तेच टॅक्सीत घोकत होते. 'झोप आलीये तिला' असं सांगायचं ठरलं.

जाऊबाई तव्यावर तुकड्या सोडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पाच महिन्यांनी आज आईंच्या ताटात मासा."

"पित्तामुळे बंद होता ना त्यांचा?"

"ते तुला सांगायला. गावच्या देवीला बोलल्या होत्या, नात चालेपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. तू टेन्शन घेशील म्हणून आम्हालाही सांगू दिलं नाही."

ज्या बाईला साधं सुकट नसलं तर जेवल्यासारखं वाटत नाही, ती पाच महिने वरणभातावर! आणि मी इकडे जाऊबाईंचं तोंड बंद करत बसले होते.

ताटं मांडली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो ताटात बघत होता. गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं? महिन्याभरात पोरगी चालेलही. पण नाही चालली तर? मी नवसबिवस मानत नाही. पण त्या मानत होत्या, आणि त्यांचा नवस माझ्यामुळे मोडणार होता. त्यांनी तुकडी मोडली, भाताबरोबर घास केला.

"आई, थांबा! ती चालत नाही अजून. ह्यांनी धरलं होतं तिला. मी मुद्दाम हात दाखवले नाहीत."

जाऊबाईंचं उलथणं तव्यावरच राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घास ताटात ठेवला, उठून मोरीत हात धुतले आणि परत येऊन बसल्या.

"माका तरी खरं सांगायचंस गो," एवढंच म्हणाल्या. मग जाऊबाईंना, "मला वरण वाढ."

मी पापलेटचं ताट उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पोरीला मांडीवर घेतलं. तुकडीचा तिखट थर खरवडून काढला, आतलं पांढरं मांस बोटांनी चाचपलं.

"नवस माझो. पोरीक कित्याक उपाशी ठेवू?"

पोरीने पहिल्यांदाच मासा खाल्ला. घास संपला की पुन्हा आ करायची. मी समोर बसून ढसाढसा रडत होते, आणि त्या माझ्याकडे न बघता एकेक काटा काढत होत्या.